मागची पंगत

आमच्या घरात वर्षातलं सगळ्यात मोठं भांडण होतं ते हरतालिकेला. एरवी आम्ही दोघी तशा गुण्यागोविंदानं राहतो. ओला टॉवेल पलंगावर कुणी टाकला, दुधाखालचा गॅस कुणी विसरला, ह्यावरून जे होतं त्याला मी भांडण म्हणत नाही. पण हरतालिकेला ती दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही आणि सकाळपासून माझं डोकं सणकतं.

"कुणासाठी करून राहिलीस हे?"

"तुझ्यासाठी."

"मी काय मरायला टेकले का?"

"शुभ बोल जरा सणावारी."

मग मी मुद्दाम कोपऱ्यावरची गरम भजी आणून तिच्या समोर बसून खाते. ती शांतपणे म्हणते, "खा, खा. तू खाल्ल्यानं माझा उपास मोडत न्हाई." आता ह्यावर माणसानं काय बोलावं? भजीसुद्धा गोड लागत नाहीत.

मी लातूर जिल्ह्यातली, मुरुडजवळच्या एका गावची. ती मुखेडची. नांदेडात आम्ही एका जुन्या कॉलनीत खालचा मजला भाड्यानं घेऊन राहतो. मी एका खासगी लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते, ती घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवते. घरमालकीणबाई शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगतात, "लई गुणाच्या पोरी, सख्ख्या बहिणी राहाव्यात तशा राहतात." आम्ही बहिणी नाही आणि मैत्रिणीही नाही. आम्ही जोडपं आहोत. हे लिहायला सोपं जातं. मोठ्यानं बोलायची वेळ आली की अजूनही मी विषय बदलते.

ज्यांना माहीत आहे अशी दोन-चार माणसं आहेत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मग तुमच्यात माणूस कोण?" विचारतात आणि उत्तराची वाट न बघता माझ्याकडं बघतात, कारण माझे केस बारीक, अंगात शर्ट, बुडाखाली गाडी. तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरवा चुडा, केसात गजरा. झाला की निकाल! आता आतली गोष्ट सांगू का? पाल दिसली की मी पलंगावर चढते आणि ती झाडू घेऊन येते. सिलेंडर ती उचलते. संध्याकाळी तिच्याकडं गिऱ्हाइकाची गर्दी असते म्हणून भाकऱ्या मी थापते, आणि स्वतःच्या तोंडानं सांगते, माझी भाकर टम्म फुगते. पण हे कुणाला ऐकायचं नसतं.

एकदा पुण्याला आमच्यासारख्या बायकांचा मेळा होता, तिथं गेलो. सगळ्या शिकलेल्या, मोकळ्या, खळखळून हसणाऱ्या. माझा तर पाय निघेना. तिला मात्र जी ती वळून बघत होती. ती ठेवणीतली पैठणी नेसून गेली होती ना! शेवटी एका पोरीनं विचारलंच, की हे कुंकू, बांगड्या, उपास, हे सगळं बाईला बांधून ठेवायला केलेलं आहे असं तुम्हाला वाटत नाही का? विचारणं वाईट नव्हतं. मीही हेच विचारत आले होते.

ती म्हणाली, "ज्यांना बांधलं त्यांना सुटावं वाटत असंल बाई. मला कुणी बांधलंच न्हाई. दारातूनच हाकललं."

तिच्या हाकलण्याची गोष्ट लांबलचक नाही. तिनं घरी खरं सांगितलं आणि भावानं तिची पिशवी ओट्यावर आणून ठेवली, एवढीच. त्यानंतर एकदा आम्ही एसटीनं मुखेडवरून चाललो होतो. बाजाराचा दिवस होता, गाडी गर्दीत अडकली आणि खिडकीतून तिला तिची आई दिसली. वांगी निवडत होती. आईनं वर बघितलं. दोघींची नजरानजर झाली, आणि आईनं परत वांग्यात हात घातला.  नांदेडला घरी आल्यावर ती दुसऱ्या दिवशीच्या नवरीसाठी मेंदीचे कोन भरत बसली. सगळ्या गावच्या नवऱ्या सजवायच्या, त्यांना शालू नेसवायचे, पदराला पिना लावायच्या, आणि सासरी निघालेल्या पोरीच्या गाडीकडं दारात उभं राहून बघत बसायचं, असा तिचा धंदा आहे.

माझं उलटं. मला कुठल्या पुरुषाशी लग्न करायचं नाही हे कळलं तेव्हा मला दुःख झालं होतंच, पण त्याच्या तळाशी एक मोठा आनंद होता, तो का लपवू? नवरा नाही म्हणजे सासू नाही, डोईवर पदर नाही, मागची पंगत नाही. आमच्या जगण्यात फायदे तसे कमीच, त्यातला हा एक तरी पदरात पडला असं मला वाटायचं.

मागच्या पंगतीचा मला फार राग. माझी आई जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवली. पाहुणे झाले, गडीमाणसं झाली, पोरंसोरं झाली, मग ती. तोवर कोरड्यास, म्हणजे कालवण, तळाला गेलेलं. ती तवा पुसून खायची. मी लहानपणी ताट आपटायचे, तू बसल्याशिवाय मी जेवणार नाही म्हणून. आई हसायची. म्हणायची, "तू खा गं. तू लेक हाईस. लेकीनं माहेरी आधी जेवावं. सासरी गेल्यावर मागं बसायचं हायच की." तेव्हाच मी ठरवलं होतं की असल्या सासरी मी जाणार नाही. पुढं मला बघायला पाहुणे येणार त्याच्या आदल्या दिवशी मी केस कापून आले. वडिलांनी, म्हणजे दादांनी, एकदा माझ्याकडं बघितलं आणि शेतात निघून गेले. परत त्यांनी तो विषय काढला नाही. आई गेली. दादा आता गावात एकटे असतात. शेजारीच चुलतभावाचं घर, तिथली वहिनी त्यांचं जेवणखाण बघते.

तर अशा दोघी आम्ही. एक सुटल्याच्या आनंदात आणि एक बांधून घ्यायला आसुसलेली.

तिला माझ्या गावाला यायचं होतं. लई दिवसांपासून. त्यातही येळवशीला. वेळ अमावस्येला आमच्याकडं येळवस म्हणतात. ऐन थंडीत येते, ज्वारी-हरभरा रानात डोलत असतो. त्या दिवशी लातूरचं शहर ओस पडतं. ज्याला शेत आहे तो शेतात जातो, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, उभी करायची, आत दगडाचे पांडव मांडायचे, आणि मग जेवणं. सगळ्या भाज्यांची मिळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, ताकातली आंबील. आदल्या दिवसापासून बायकांच्या पाठीचा काटा ढिला होतो. रस्त्यानं चाललेल्या अनोळखी माणसालाही हात धरून जेवायला बसवतात, न जेवता गेला तर अपमान. पाहुण्याला तर येळवशीला राजाचा मान.

"मला काम करायचंय तिथं," ती म्हणायची. "उंडे वळायचेत. डोक्यावर आंबिलीचं मडकं घ्यायचंय."

"अगं येडी का खुळी? तिथं बायका कामानं मरतात."

"मरू दे की मला बी एक दिवस."

पहिल्यांदा नेलं तेव्हा मीच घाबरलेली. दादांना आधी फोनवर "मैत्रीण येणार आहे" एवढंच सांगितलं होतं. तिनं नऊवारी नेसली, हातभर बांगड्या घातल्या. कोपीपाशी पोचल्याबरोबर ती पदर खोचून चुलीकडं गेली. वहिनीनं तिला दंडाला धरून परत आणलं. "असं कसं हो? तुम्ही पाहुण्या. बसा बरं सावलीला." तिनं मडक्याला हात लावला, वहिनीनं ते काढून घेतलं. तिनं पत्रावळ्या मांडायला घेतल्या, एक पोरगी धावत आली आणि तिच्या हातातून घेऊन गेली. पहिल्या पंगतीला मधोमध तिला बसवलं. खिरीवर तूप, तुपावर परत तूप. ती नको नको म्हणायची आणि लोक कौतुकानं आणखी वाढायचे. मला हसू येत होतं. माझ्या आईच्या नशिबी जो मान कधी आला नाही तो हिला फुकटात मिळत होता आणि हिचं तोंड उतरलेलं!

जेवणं झाल्यावर शेजारच्या शेतातले एक आजोबा आले. तिच्याकडं बघून दादांना म्हणाले, "ही कोण हो पाटील? वळखली न्हाई."

दादांनी हातातली सुपारी कातरायची थांबवली.  दादा म्हणाले, "ही बी माझी लेकच. एक होती, आता दोन झाल्या."

खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बापानं चार माणसांत तिला आपलं म्हटलं होतं. ह्याहून जास्त मी कधी मागितलंही नसतं. मी तिच्याकडं बघितलं, तर ती जमिनीकडं बघत होती. निघताना वहिनीनं तिची ओटी भरली. खण, नारळ, गहू. तिनं वाकून पदर पुढं केला, वहिनीला नमस्कार केला, दादांच्या पाया पडली. सगळं रीतसर.

लातूरहून नांदेडच्या गाडीत बसलो आणि तिनं रडायला सुरुवात केली. मला आधी काही कळेचना.

"अगं, लेक म्हणाले तुला! तुझं माहेर तुटलं होतं, मिळालं की परत!"

"माहेर कुणी मागितलं होतं?" ती म्हणाली. "लेकीला आधी जेवू घालतात. लेकीला कामाला हात लावू देत न्हाईत. का माहितीये? ती जाणार असती म्हणून. ओटी भरली का न्हाई माझी? भरली अन् लावली वाटंला. अन् तू लेक, मी बी लेक, तर मग आपण दोघी कोण झालो एकमेकींच्या? ते तरी सांग."

पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला.   तोवर मला वाटायचं की तिला मागच्या पंगतीची हौस आहे, जुनाट वळणाची आहे, दुसरं काय. तसं नव्हतं, तिला सून व्हायचं होतं. माझी कुणीतरी व्हायचं होतं, आणि आमच्या गावात माझं कुणीतरी व्हायची तेवढी एकच जागा होती, चुलीजवळची. मी जिला लाथ मारून आले होते ती.

त्यानंतर उन्हाळ्यात दादांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. नांदेडला आमच्याकडंच राहिले. आमचं घर त्यांनी पहिल्यांदा बघितलं. एक पलंग, एक कपाट, भिंतीवर आमच्या दोघींचा जत्रेतला फोटो. सगळं बघून घेतलं. ऑपरेशननंतर डोळ्यावर हिरवं फडकं बांधून बाहेरच्या खोलीत खाटेवर बसून राहायचे.

आणि हिचं सुरू झालं. घरात ती पंजाबी ड्रेसवर वावरते, पण दादांसमोर जाताना ओढणी डोईवर. ते खाटेवर असले की ही खुर्चीवर बसायची नाही, खाली. पार्लर दुपारी बंद ठेवून त्यांना वेळेवर डोळ्यात औषध घालायची. भाकरी माझ्या हातातून काढून घेतली. दादांचं जेवण झाल्याशिवाय स्वतः घास खायची नाही. मी तर भाजून निघत होते. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर माझीच आई परत उभी राहिली होती. एकदा मी आत ओढून तिला म्हटलं, "नाटकं बंद कर. इथं कुणी बघत नाही." ती म्हणाली, "म्हणून तर करून राहिले." मी कपाळाला हात लावला.

दादांची पट्टी निघाली त्या दिवशी ती त्यांना जेवायला वाढत होती. ओढणी घसरली, तिनं झटकन पुढं ओढली. दादांनी बघितलं. नव्या डोळ्यानं पहिल्यांदाच नीट बघत होते.

"राहू दे की गं पदर," दादा म्हणाले. "लेकी बापापुढं पदर घेत न्हाईत."

"मी लेक न्हाई दादा."

मी दारात भाजीचं पातेलं घेऊन उभी होते. हात भाजत होता तरी खाली ठेवायचं सुचेना. ती मान खाली घालून, पण स्पष्ट बोलली होती. दादांनी हातातला घास ताटात ठेवला.  बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"हाव," दादा म्हणाले. "मालूम हाय मला. म्हातारा हाय, आंधळा न्हाई." मग म्हणाले, "पर गावात मला दुसरा शब्द न्हाई गं बाई. लेक म्हणलं की चार माणसांत तुला शेतात नेता येतंय. दुसरं काही म्हणलं तर ह्या पोरीलाच येता यायचं न्हाई, मग तुला कुठलं. मी जेवढं देऊ शकत होतो तेवढं दिलं."

 तिनं टोपल्यातली भाकरी काढून त्यांच्या ताटात वाढली आणि ते जेवले. त्या दिवशी मी त्या दोघांवर रागावायचा फार प्रयत्न केला आणि मला ते जमलं नाही.

पुढची येळवस आली. मला वाटलं होतं, ती येणार नाही म्हणेल. ती आदल्या दिवशीच जाऊन थडकली. मी दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमधून सुट्टी घेऊन गेले, तर ही शेतात माझ्या आधी हजर. वहिनीनं तिला काही करू दिलं होतं, काही नाही. बोटांना बाजरीचं पीठ लागलेलं होतं एवढं मी बघितलं.

पंगती मांडल्या. वहिनी म्हणाली, "चला, पाहुण्या, बसा."

"मी मागून बसते," ती म्हणाली.

"हे हो काय? पाहुण्या माणसाला मागं बसवायचं? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"मला भूक न्हाई अजून."

वहिनी ऐकेना, ही हलेना. पंगतीतल्या माणसांची तोंडं वळायला लागली. दादा कोपीपाशी पांडवांसमोर बसले होते. तिथूनच म्हणाले, "पाहुणी न्हाई ती. बसू दे तिला तुमच्यात."

कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पोरगी वळणाची आहे म्हणून दोन म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. पण तुमच्यात म्हणजे वहिनीत, तिच्या जावेत, घरच्या सुनांत. शब्द नव्हता दादांजवळ, तर त्यांनी शब्दाशिवाय जागा दिली होती. ती लगबगीनं आंबिलीचं भांडं उचलून पंगतीत शिरली, आणि ह्या वेळी तिच्या हातातून ते कुणी काढून घेतलं नाही.

मी तिच्या मागं जायला निघाले, तर दादा म्हणाले, "तू कुठं चाललीस? बस. लेकीनं ताटकळू न्हाई."

मी बसले. ती वाढत आली. माझ्या पानासमोर वाकली, भज्जी वाढली, उंडा वाढला, इतर सगळ्यांना वाढलं तेवढंच, आणि पुढं गेली. मी जेवले. काय जेवले ते सांगता येणार नाही.

ऊन कलल्यावर शेवटची पंगत बसली. कोपीच्या मागं, चुलीजवळ, चौघी-पाच जणी गोल करून. भज्जी संपत आली होती. वहिनीनं पातेलं खरवडलं आणि सगळ्यांच्या पानात थोडी थोडी टाकली. खीर नव्हतीच. वहिनीनं आपल्या पानातला उंडा मोडून अर्धा तिच्या पानात टाकला, काहीतरी बोलली, आणि सगळ्या खदाखदा हसल्या. ती पण. पदर डोईवर, पाठ माझ्याकडं. नांदेडात, हरतालिका सोडली तर, इतक्या वर्षांत आम्ही एकदाही वेगळ्या जेवलो नाही. मला उशीर झाला तर ती थांबते, तिला झाला तर मी. कितीदा तर एकाच ताटात.

मला उठून तिच्याशेजारी बसायचं होतं. एवढंच. तिच्या पानातलं खरवडलेलं खायचं होतं. मी गेलेही, चुलीपर्यंत. वहिनीनं वर बघितलं.

"काय पाहिजे वन्सं? पाणी का?"

"नाही, मी पण बसते म्हटलं तुमच्यात."

"इथं धुरात कशाला? तुमचं जेवण झालंय न्हवं! जावा, पडा जरा सावलीला. लेकी माहेरी असल्या कामाला येत नसतात."

ती वळली. तोंडात घास होता. माझ्याकडं बघून डोळ्यांनी हसली, इतकं भरून की मला बघवेना, आणि पदर सावरून परत आपल्या पानाकडं वळली. मी माघारी फिरले आणि बोरीच्या सावलीला जाऊन बसले. तिचं जेवण व्हायला अजून बराच वेळ होता.